कॅज्युअल्टीची रंगीत तालीम

मुलगी नऊ वर्षांची. बीडकडून ऊसतोडीला आलेलं कुटुंब, फडाच्या कडेला कोपी, कोपीत जमिनीवरच अंथरूण. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, गाळप सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. रात्री पोटात कळ आली म्हणून उठली, उलटी झाली, मग आईला म्हणाली, डोळे उघडंनात. अंगावर चावल्याची खूण कुठंच नाही. मण्यारीचं असंच असतं. झोपेत चावते, धड दुखतही नाही, आणि काही तासांत आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास अशी एकेक गोष्ट बंद पाडत जाते.

टेंपोत घालून तिला जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात आणलं. तिथल्या आरएमओचा, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरचा, मला फोन आला. मी भूलतज्ज्ञ, लोक 'भूलवाले डॉक्टर' म्हणतात. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) या पट्ट्यात जिथं भूल लागेल तिथं डिकीत बॅग टाकून जायचं, हा माझा रोजचा उद्योग. मला पोचायला पंचवीस मिनिटं लागणार होती आणि पोरीकडं तेवढी नव्हती. "तूच ट्यूब टाक," मी म्हणालो. म्हणजे श्वासनळीत नळी घालून तिच्यातून श्वास दे.

नंतर कळलं ते असं. ट्यूब टाकताना घशात बघायचं दिव्याचं हत्यार म्हणजे लॅरिंगोस्कोप. लहान मुलांच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटेना. सेल संपलेले. नवे सेल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडं आणि त्या माहेरी, मोहोळला. मोठ्या माणसांचं हँडल दुरुस्तीला गेलेलं. सात मिनिटं सिस्टरनं मास्क घट्ट धरून अंबू, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबला म्हणून निभावलं. तेवढ्यात वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, स्टुलावर चढले. "सर, घड्याळाचं चालतंय का बघा की," म्हणत त्यांनी वॉर्डातल्या आणि ऑफिसातल्या अशा दोन भिंतींवरच्या घड्याळांतला एकेक सेल काढून दिला. दिवा लागला, ट्यूब पडली. मी पोचलो तेव्हा पोरगी गुलाबी होती आणि वॉर्डातलं घड्याळ दोन वीसवर थांबलेलं. पुढं मिरजेपर्यंत गाडीत आम्ही आळीपाळीनं अंबू दाबत गेलो. चौथ्या दिवशी तिची ट्यूब निघाली.

ही गोष्ट मी कौतुकानं सांगितली की ऐकणारे मामांना दाद देतात. द्यायलाच हवी. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट टोचते. आपत्कालीन सेवेचं प्रशिक्षण वाढवा, अशी मागणी कुठं काही विपरीत घडलं की दर वेळी होते. ते प्रशिक्षण म्हणजे काय तर डॉक्टरला कार्यशाळेला पाठवायचं आणि प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायचं. आता या रात्रीकडं बघा. आरएमओकडं असं प्रमाणपत्र होतं. मण्यार त्यानं पापण्या बघूनच ओळखली, सर्पदंशाची लसही सुरू केली. ज्ञान कमी पडलं नाही. कमी पडले ते दीड व्होल्टचे दोन सेल. आणि ते ज्यानं आणून दिले त्या माणसाला आजवर एकाही कार्यशाळेचं बोलावणं गेलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीचे पेशंट येतात त्या विभागात, आणि ऑपरेशन थिएटरात एकटा डॉक्टर शिकून भागत नाही. जी माणसं रात्री दोन वाजता एकत्र उभी राहणार, त्यांनीच, त्याच खोलीत, त्याच ट्रॉलीवर, एकत्र सराव केला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतरचं.

कागदावर पाहिलं तर आपण फार मागं नाही. २०१९ साली एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, पाठांतरापेक्षा हाताला काय येतं यावर भर आला. स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायची जागा, सक्तीची झाली. दीडशेपर्यंत विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजला किमान ६०० चौरस मीटरची. इंटर्नशिपमध्ये भूल व अतिदक्षतेचे दोन आठवडे आणि कॅज्युअल्टीचे दोन आठवडे धरलेले आहेत. मात्र २०२३ च्या किमान निकषांत पदवी कॉलेजसाठी आपत्कालीन वैद्यक या स्वतंत्र विभागाची सक्ती उरली नाही. आधी हवा म्हणायचं, मग नसला तरी चालेल म्हणायचं. कॅज्युअल्टी हा आपल्याकडं कुणाचाच विभाग नसतो, तिथं सगळे 'कॉल'वर येतात, ही जुनी खोड त्यामुळं आणखी घट्ट झाली.

आणि ते दोन आठवडे खरे किती असतात? इंटर्न नीट-पीजीच्या तयारीत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या परीक्षेवर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं तिथं मास्क कसा धरतोस हे कुणी विचारत नाही, चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. मग सकाळी सही, दुपारी लायब्ररी. माझ्या त्या आरएमओनं इंटर्नशिपमध्ये माणसाला ट्यूब किती वेळा टाकली होती? दोनदा. पुतळ्याला एकदा, तीही रांगेत उभं राहून.

पुतळ्यांविषयीही एकदा बोललं पाहिजे. छाती दाबायचा, तोंडानं श्वास द्यायचा पहिला नामांकित पुतळा १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्यानं केला. बाहुल्या करणाऱ्या माणसाला मऊ प्लास्टिक वळवता येत होतं, डॉक्टरांना नव्हतं. दोघं एकत्र आले म्हणून ती वस्तू झाली. म्हणजे मुळात ते खेळणंच. खेळण्याशी खेळायचं असतं. मी पाहिलेल्या एका स्किल लॅबमध्ये, ती सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतली नाही, चाळीस लाखांचा पुतळा प्लास्टिकच्या खोळीत झोपवून ठेवला होता. तपासणीला कमिटी आली की खोळ निघते. तिथला तंत्रज्ञ मला अभिमानानं म्हणाला, "अजून एक ओरखडा नाही, सर."

आमच्या पिढीचं यावर ठरलेलं उत्तर असतं: पुतळे कशाला हवेत, आम्ही बघून बघून शिकलोच की. शिकलो, खरं आहे. पण कुणावर? माझी पहिली ट्यूब अन्ननलिकेत गेली होती. मागं सर उभे होते म्हणून ती तत्काळ निघाली. ती पेशंट सरकारी दवाखान्यातली एक बाई होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या जागी कुणा साखर कारखान्याच्या संचालकाची बायको असती तर माझ्या हातात लॅरिंगोस्कोप दिलाच नसता. 'करून शिकणं' या शब्दांमागं गरिबांची अंगं आहेत. पुतळ्याचा मोठा फायदा हाच, की त्याच्यावर चुकायला कुणाची परवानगी लागत नाही.

महागडा पुतळा लागतो असंही नाही. मानेतून श्वासनळीला छेद देण्याचा सराव खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या श्वासनळीवर उत्तम होतो. मिरजेत ती सकाळी सहज मिळते. छाती दाबायचा साधा अर्धपुतळा कुठल्याही तालुक्याच्या हॉस्पिटलला झेपण्यासारखा आहे. अडचण पैशाची कमी आणि कुणाला शिकवायचं, कुठं शिकवायचं याची जास्त.

सांगलीच्या माणसाला हे खरं तर सांगायला लागू नये. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं पहिला नाट्यप्रयोग केला, म्हणून आपण तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो आणि गावाला नाट्यपंढरी म्हणवून घेतो. कुठल्याही हौशी मंडळाला विचारा. वाचन झालं, हालचाली बसल्या, संवाद पाठ झाले, तरी रंगीत तालमीशिवाय पडदा वर जात नाही. कारण रंगीत तालमीतच कळतं की दिवाणखान्याचं दार आतून उघडत नाही, पत्र ज्या खिशातून काढायचं त्या कोटाला खिसाच नाही, आणि प्रकाशवाल्याला खूण कुणी द्यायची हे ठरलेलंच नाही. त्या तालमीला फक्त नट येत नाहीत. पडदा ओढणारा येतो, रंगभूषावाला येतो, चहावालासुद्धा विंगेत असतो. आम्ही मात्र मुख्य नटाला पुण्याला पाठवून भाषण पाठ करून आणतो आणि थेट प्रयोग लावतो. संपलेले सेल ही रंगीत तालमीत सापडायची वस्तू होती, प्रयोगात नव्हे.

एकत्र सरावाचा दुसरा फायदा जास्त अवघड आहे, कारण तो आमच्या मानपानाशी भिडतो. २००५ साली इंग्लंडमध्ये सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी एका तरुण बाईला भूल दिली आणि श्वासमार्गच मिळेना. खोलीत अनुभवी डॉक्टर जमले. सगळे ट्यूबच्या मागं लागले आणि ऑक्सिजन खाली राहिला तो राहिलाच. एका नर्सनं गळ्याला छेद द्यायचं सामान आणून सांगितलंही. कुणी ऐकलं नाही. तिलाही पुन्हा, जोरात म्हणता आलं नाही. ती बाई काही दिवसांनी गेली. तिचा नवरा विमानाचा पायलट होता. विमानात काही बिघडलं की चूक कुणाची याआधी माणसं एकमेकांशी काय बोलली हे तपासतात, आणि कनिष्ठानं वरिष्ठाला टोकण्याचाही सराव करून घेतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं शिक्षा नको, चौकशी हवी म्हणून धरून ठेवलं. आज भुलेच्या प्रशिक्षणात ती घटना जगभर शिकवली जाते.

इंग्लंडमध्ये नर्सला बोलता आलं नाही, तर आपल्याकडं काय होत असेल? आपली सिस्टर "सर, सॅच्युरेशन पडलंय" असं म्हणत नाही. ती म्हणते, "सर, जरा बघता का?" त्या 'जरा' मध्ये वीस वर्षांची नोकरी, सरांचा स्वभाव आणि मागच्या वेळी मिळालेली बोलणी असतात. आणि सर म्हणतात, "बघतोय." मी स्वतः म्हटलेलं आहे. एकदा एका सिस्टरवर "मला दिसतंय" असं खेकसलो. मॉनिटरकडं पाठ होती माझी, मला काहीही दिसत नव्हतं. तिनं त्यानंतर मला कधी काही सांगितलं नाही, आणि त्या हॉस्पिटलात माझ्या पेशंटवर लक्ष ठेवणारा एक डोळा त्या दिवशी मिटला असं मी समजतो.

टोकायचं धाडस आपोआप येत नाही, त्याचे शब्द ठरवावे लागतात आणि जिभेला वळण लावावं लागतं. मी जिथं तालीम घेतो तिथं तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. आधी नुसता आकडा: "सर, सॅच्युरेशन ८४." उत्तर नाही आलं तर काय हवं ते: "सर, मास्कनं ऑक्सिजन द्या." तरी नाही तर एकच शब्द, "थांबा." आणि 'थांबा' म्हटलं की समोर कुणीही असो, हात थांबला पाहिजे. पहिल्यांदा हे करताना सगळे हसतात. माझ्यासमोर 'थांबा' म्हणताना एका सिस्टरनं आधी "सॉरी सर" म्हटलं.

'कुणीतरी' हा आमच्या कॅज्युअल्टीतला सगळ्यात घातक शब्द. "अरे कुणीतरी सक्शन लावा." कुणीतरी नावाचा कर्मचारी कुठल्याच मस्टरवर नाही, त्यामुळं सक्शन लागत नाही, किंवा तिघं मिळून लावतात आणि पेशंटपाशी कुणी उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनआधीची १९ मुद्द्यांची तपासयादी दिली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीतला एक मुद्दा असा की छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. आमच्याकडं ही अट चेष्टेवारी जाते: आम्ही काय एकमेकांना ओळखत नाही? बरं, मग सांगा, तुमच्या मामांचं नाव काय? मावशींचं? आपण नातं लावतो आणि नाव विसरतो. घड्याळातले सेल काढणाऱ्या मामांचं नाव मला त्या रात्रीनंतर विचारावं लागलं.

भाषेचाही मुद्दा आहे, आणि तो कार्यशाळांत कुणी घेत नाही. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची ५ ते ६ सेंटिमीटर खोल, तीस वेळा दाबून दोन श्वास. शिकवतात इंग्रजीत मोजून. मामा आणि ड्रायव्हर मराठीत मोजतात, आणि मराठीत वीसच्या पुढं गाडी अडखळते: 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' म्हणेपर्यंत हात मंद होतो. यावर उपाय अगदी साधा आहे. एक ते दहा तीनदा मोजायचं, प्रत्येक फेरीला एक बोट. हे मला एका अँब्युलन्सच्या ड्रायव्हरनं सुचवलं. मी वीस वर्षं शिकवत होतो, मला सुचलं नव्हतं.

ड्रायव्हरवरून आठवलं. राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षणाच्या, बाकीच्या प्राथमिक. त्यांवरचे डॉक्टर बहुतांशी आयुर्वेदाचे पदवीधर. खंबाटकीच्या वळणावर उलटलेल्या गाडीतला माणूस असो की द्राक्षबागेत फवारणीचं औषध पोटात गेलेला, त्याच्यापाशी पहिला हात यांचा लागतो. फवारणीच्या औषधानं छातीत पाणी भरल्यासारखं होतं. अशा पेशंटला अॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध किती वेगानं द्यायचं आणि तोंडातला फेस सारखा कसा ओढत राहायचा, यावर त्याचा जीव ठरतो. कॉलेजात हे शिकवतात ते पीजीच्या विद्यार्थ्याला. १०८ वाला पेशंट कॅज्युअल्टीत उतरवतो, कागदावर सही घेतो आणि निघतो. त्याला अर्धा मिनिट थांबवून 'रस्त्यात काय केलंस' हे विचारणारं कुणी नसतं, आणि त्यानं काय वेगळं करायला हवं होतं हे सांगणारं तर नाहीच.

आता आक्षेप. पहिला: वेळ कुठाय? आधीच माणसं कमी. हे खोटं नाही. पण मी म्हणतो ती तालीम वीस मिनिटांची आहे, महिन्यातून एकदा, आणि शक्यतो रात्रपाळीला. कारण दिवसा सगळ्यांना सगळ्या वस्तू सापडतात. दुसरा: कंत्राटी माणसं, सहा महिन्यांत बदलतात, शिकवून काय उपयोग? याचं मला पूर्ण उत्तर देता येत नाही. माणसं टिकली पाहिजेत, हा पगाराचा प्रश्न आहे, माझ्या पुतळ्याचा नाही. मात्र ट्रॉली टिकते. ती कुठं उभी राहते, वरच्या खणात काय, सेल कुठं, हे तालमीमुळं ठरलं तर नव्या माणसालाही ते तिथंच मिळतं.

तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही: सगळ्यांसमोर आपण चुकलो तर? हा खरा. कन्सल्टंट सरावाला येत नाहीत ते यासाठी. आपल्याकडच्या कुस्तीच्या तालमीत मात्र ही लाज नसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले, ते काय एकदाही चितपट न होता? तालमीत पडायचं असतं म्हणून खाली माती असते. डॉक्टरच्या पायाखाली अशी माती आम्ही कधी पसरलीच नाही. चूक झाली की एक तर झाकायची, नाही तर कुणा सिस्टरच्या नावावर टाकायची.

सरकारी पातळीवरही एकट्या माणसाला शिकवून पाठवण्याचा प्रयोग होऊन गेला आहे. बाळंतपणातल्या अडचणींसाठी एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीवरक्षक भूल शिकवायची योजना आली. कल्पना चांगली होती. पण शिकून आलेला डॉक्टर जिथं गेला तिथं कधी स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता, कधी मशीन नव्हतं, आणि सोबतची सिस्टर पाठीत भूल द्यायची, स्पायनलची सुई पहिल्यांदाच बघत होती. हात आला, पण एकट्याच्या हातानं भूल देववत नाही. अनेकांनी मग तो हात परत खिशात घातला.

सांगली-साताऱ्याला खरं तर सबबच नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेसनी मिरजेत १८९४ ला हॉस्पिटल काढलं तेव्हापासून इथं लांबून पेशंट येतात. आज मिरजेचं सरकारी कॉलेज, सांगलीतलं भारती, इस्लामपूरचं प्रकाश, कराडचं कृष्णा, साताऱ्याचं २०२१-२२ ला सुरू झालेलं सरकारी, अशी रांग दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर आहे. प्रत्येक कॉलेजनं आपल्या भोवतीचे चार तालुके वाटून घ्यावेत. स्किल लॅबमधला एक पुतळा खोळीतून काढून गाडीत घालावा. भूलशास्त्राचा एक पीजी, एक सिस्टर ट्यूटर आणि दोन इंटर्न महिन्याला एका ग्रामीण रुग्णालयात जाऊन तिथल्या कॅज्युअल्टीत, तिथल्याच माणसांना घेऊन तालीम करावी, आणि १०८ ची त्या भागातली गाडी उभी असेल तर तीही बोलवावी. इंटर्नचे कॅज्युअल्टीचे दोन आठवडे अशा दोन तालमींशिवाय भरले असं धरू नये. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्याकडच्या परिस्थितीला धरून पुनरुज्जीवनाचे सोपे धडे केलेले आहेत, सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याचाही आहे, ते वापरावेत. बुडालेल्याला मात्र श्वास द्यावाच लागतो. कृष्णेच्या आणि वारणेच्या काठावर राहणाऱ्यांना तेवढा एक धडा जास्तीचा द्यावा.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. केस संपली, पेशंट वॉर्डात गेला की वीस मिनिटं मागून घेतो. पहिल्या तालमीत ऑक्सिजन सिलिंडरची चावी शोधायला चार मिनिटं गेली. ती जनरेटरच्या खोलीत खिळ्याला होती. दुसऱ्या ठिकाणी मास्क सापडला, पण आतली हवेची गादी फुटलेली. तिथल्या मालक डॉक्टरांनी त्याच दिवशी नवा मागवला आणि मला म्हणाले, "सर, तुमची तालीम महागात पडते." परवा त्यांच्याकडं सहावी झाली. आत्ता सिलिंडरला चावी दोरीनं बांधलेली आहे. ट्रॉलीच्या वरच्या खणात दोन सेल आहेत, चिकटपट्टी गुंडाळून, वर मावशींच्या अक्षरात तारीख. तारीख चुकलेली आहे, गेल्या वर्षाचं साल पडलंय. पुढच्या तालमीला दाखवून देईन.